गॉगल चेहऱ्याला शोभतो. डोळ्यांना पुरतो का?

उन्हाळ्याच्या सुटीत अष्टविनायक यात्रेला निघालेल्या गाड्या लेण्याद्रीच्या पायथ्याशी थांबतात. वर डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी, तिथवर नेणाऱ्या सुमारे तीनशे पायऱ्या आणि खाली कुकडीच्या खोऱ्यात पसरलेले रखरखीत ऊन. अशा वेळी हार-प्रसादाच्या दुकानांशेजारी टोप्या आणि गॉगल मांडून बसलेल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक हमखास मिळते. गॉगल डोळ्यांवर चढतो, टांगलेल्या आरशासमोर मान इकडेतिकडे वळते आणि सोबतच्यांना एकच प्रश्न विचारला जातो, ‘शोभतोय का?’ ‘एकदम हिरो!’ असे उत्तर आले की व्यवहार पुरा होतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न शोभणारा गॉगल चार दिवसांत गाडीच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि कप्प्यातला गॉगल कुणाच्याही डोळ्यांचे रक्षण करत नाही. मात्र आरशात चेहरा दिसतो तो समोरून. डोळ्यांना बाधणारे ऊन बऱ्याचदा येते ते बाजूने, वरून आणि खालून. त्यामुळे चेहऱ्याच्या आकारावरून गॉगल निवडण्याची रूढ पद्धत अर्धेच काम करते. चेहऱ्याची ठेवण रूपासाठी पाहावी, तशीच गॉगल आणि चेहरा यांच्यामध्ये फट कुठे राहते, हे कळण्यासाठीही पाहावी.

गोल, चौकोनी, लांबट

आधी रूपाचे पाहू. चष्म्याच्या दुकानांत सांगितला जाणारा ठोकताळा सोपा आहे : चेहऱ्याचा आकार जसा, त्याच्या उलट आकाराची फ्रेम. आपला आकार ओळखायचा तर केस मागे बांधून आरशासमोर उभे राहावे आणि साबणाच्या वडीने आरशावर चेहऱ्याची कड रेखून पाहावी.

लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि गाल भरलेले असतील तर चेहरा गोल. त्याला कोपरे असलेली, आडवी, चौकटीची फ्रेम उठून दिसते. कपाळ रुंद, जबडा रुंद आणि हनुवटी ठसठशीत असेल तर चेहरा चौकोनी. त्यावर गोल किंवा लंबगोल काचा चेहऱ्याचा करडेपणा कमी करतात. लांबट चेहऱ्याला उंच काचा आणि जाड काड्यांची फ्रेम बरी दिसते, कारण चेहरा मध्येच अडवल्यासारखा होऊन लांबी कमी भासते. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर खालच्या बाजूला रुंद होत जाणारी किंवा हलक्या, बारीक तारेची फ्रेम निवडली जाते. लंबगोल चेहऱ्याला जवळपास सगळेच आकार चालतात. फक्त फ्रेमची मापे चेहऱ्याला साजेशी हवीत.

हा सारा हिशेब दिसण्याचा आहे, त्यामागे वैद्यकशास्त्र नाही. गॉगलचे आकार मात्र मुळात कामासाठी घडले. थेंबासारखा खाली उतरणारा ‘एव्हिएटर’ हा आकार १९३०च्या दशकात अमेरिकी वैमानिकांसाठी आला. वैमानिकाला वारंवार खाली, समोरच्या काट्यांकडे पाहावे लागते. तेव्हाही नजर काचेतूनच जावी म्हणून काच गालापर्यंत उतरवली. बर्फात शिकार करणाऱ्या इन्युइट लोकांनी त्याच्या कितीतरी आधी हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक आडव्या फटी पाडून डोळ्यांना बांधायची पट्टी बनवली होती. तिला काच नव्हती, रंग नव्हता; पण ती चेहऱ्याला चिकटून बसत असे. आपण उन्हाच्या चष्म्याला सरसकट ‘गॉगल’ म्हणतो. इंग्रजीत हा शब्द बाजूंनी बंद असलेल्या संरक्षक चष्म्यासाठी वापरतात. शब्द आपल्याकडे आला, बंद बाजू मात्र वाटेत गळून पडल्या.

न दिसणारे ऊन

बाजू बंद असण्याला महत्त्व का, हे कळण्यासाठी उन्हातला न दिसणारा भाग समजून घ्यावा लागतो. जुन्नर तालुक्यातच खोडदला ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरींची लांबी मीटरच्या घरातली असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्याच कुळातला, पण त्याची लहर फारच आखूड : साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, ४०० नॅनोमीटरपेक्षाही आखूड लहरींचे किरण म्हणजे अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि लगेच चटकाही देत नाहीत. पण त्यांच्यातली ऊर्जा दृश्य प्रकाशापेक्षा जास्त असते.

या किरणांचे तीन गट मानले जातात. सर्वांत आखूड ‘सी’ किरण वातावरणातच अडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या ‘बी’ किरणांपैकी बहुतेक ओझोनच्या थरात शोषले जातात, थोडे जमिनीवर पोहोचतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. डोळ्यात शिरल्यावर ‘बी’ किरणांचा मोठा भाग बुबुळावरचा पारदर्शक पडदा शोषतो. उरलेले ‘बी’ आणि बरेचसे ‘ए’ किरण त्यामागचे नैसर्गिक भिंग अडवते. प्रौढ माणसात डोळ्याच्या पडद्यापर्यंत त्यातले फारच थोडे पोहोचतात. लहान मुलांचे भिंग अधिक नितळ असल्याने त्यांच्यात जास्त किरण आत जातात.

अडवण्याच्या या कामाची किंमत भिंग मोजते. वर्षानुवर्षे ऊन खाल्ल्यावर त्यातली प्रथिने बदलतात, ते गढूळ होऊ लागते. हाच मोतीबिंदू. वय, मधुमेह, तंबाखू, स्टेरॉइडची औषधे, डोळ्याला झालेली इजा अशी त्याची इतर कारणेही आहेत आणि ऊन टाळले म्हणजे मोतीबिंदू टळला असे होत नाही. तरीही उन्हाचा वाटा लहान नाही. मोतीबिंदूमुळे आलेल्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत अंधत्वाला अतिनील किरणांचा अतिरेक कारणीभूत असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेले ‘बी’ किरण दुप्पट झाले की भिंगाच्या कडेकडून सुरू होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असे त्यात आढळले.

नाकाकडच्या कोपऱ्यातले मांस

उन्हात राबणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत आणखी एक खूण दिसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा एक तिकोनी पडदा निघतो आणि हळूहळू बुबुळाकडे सरकतो. डोळा लाल राहतो, खुपतो, कोरडा पडतो. पडदा बुबुळावर फार आत आला तर नजर अंधूक होते. नेत्रतज्ज्ञ त्याला टेरिजियम म्हणतात. ऊन, वारा आणि धूळ ही त्याची जुनी सोबत. पण हा पडदा बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूने का निघतो? त्या बाजूला तर नाकाची सावली असते.

ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी याचे पटणारे उत्तर दिले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा घड्याळाच्या काचेसारखा फुगीर असतो आणि भिंगासारखे काम करतो. कानशिलाकडून तिरपा आलेला प्रकाश त्याच्या बाहेरच्या कडेवर पडतो, वाकतो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. तिथे त्याची तीव्रता वीस पटींच्या आसपास जाऊ शकते. लहान मुले भिंगाने ऊन एकवटून कागद पेटवतात, तसाच हा प्रकार. वाईट एवढेच, की कागदाच्या जागी डोळ्याची कड असते.

यातून गॉगलबद्दल सरळ निष्कर्ष निघतो. समोरून कितीही उत्तम काच असली, तरी कानशिलाकडची बाजू मोकळी असेल तर सर्वांत घातक तिरपे ऊन बिनदिक्कत आत येते. सपाट, छोट्या काचांच्या आणि तारेसारख्या बारीक काड्यांच्या गॉगलमध्ये हेच होते. मागून आलेला प्रकाश काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यातही परततो. कानशिलाकडे वळत जाणारी फ्रेम किंवा निदान रुंद काड्या असलेली फ्रेम हा धोका बराच कमी करते.

सकाळचे नऊ, दुपारचे चार

गॉगल लावायचा तो भर दुपारी, अशी सर्वसाधारण समजूत. अंगाच्या बाबतीत ती बरोबर आहे. कातडी सर्वांत जास्त भाजते ती दुपारी. डोळ्यांचा हिशेब वेगळा असतो. डोळे कपाळाखाली खोबणीत बसवलेले असतात आणि भुवईचे हाड त्यांच्यावर छज्जासारखे पुढे येते. सूर्य डोक्यावर असताना हा छज्जा डोळ्यांवर सावली धरतो. सूर्य तिरपा झाला की ती सावली निघून जाते.

जपानमधील कानाझावा वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी संवेदक बसवून दिवसभर मोजणी केली. सूर्याकडे तोंड केलेल्या पुतळ्याच्या डोळ्यांवर सप्टेंबरमध्ये अतिनील किरण सर्वाधिक पडले ते मध्यान्ही नव्हे, तर सूर्य ४० अंशांच्या आसपास उंचीवर असताना, सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा.

जुन्नर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य इथे मध्यान्ही जवळपास थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत तो ४० अंशांवर असतो सकाळी नऊच्या आणि दुपारी चारच्या सुमारास. नेमक्या याच वेळा लोकांना ‘ऊन उतरलेल्या’ वाटतात. सकाळी नऊला यात्रेकरू पायऱ्या चढत असतात, मजूर शेतात वाकलेले असतात, मुले मैदानावर असतात. माघी गणेशजयंतीच्या सुमारास तर सूर्य भर मध्यान्हीही ५५ अंशांच्या आसपासच राहतो. हिवाळ्यात अतिनील किरणांचे एकूण प्रमाण कमी असते. पण जे येतात ते छज्जाखालून सरळ डोळ्यात शिरतात. लेण्याद्रीची लेणी दक्षिणेकडे तोंड करून कोरलेली आहेत. हिवाळ्यातला सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे चढताना ऊन पाठीवर असते आणि दर्शन घेऊन उतरताना तोंडावर येते.

इथे चेहऱ्याची ठेवण खऱ्या अर्थाने महत्त्वाची ठरते. खोल डोळे आणि पुढे आलेल्या भुवया यांना निसर्गाचीच सावली मिळते. उथळ खोबणीतले, किंचित पुढे आलेले, मोठे डोळे असणाऱ्यांना ती कमी मिळते. त्यांनी गॉगलची वरची कड भुवईला भिडेल इतकी मोठी काच निवडावी. चेहरा गोल की चौकोनी, यापेक्षा भुवई किती पुढे, नाकाचे हाड किती उंच आणि गाल किती भरलेले, हे प्रश्न डोळ्यांच्या दृष्टीने आधीचे आहेत.

नाक, गाल, कानशील

बहुतेक चांगल्या फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला तीन आकडे बारीक अक्षरांत छापलेले असतात, उदाहरणार्थ ५४, १८, १४०. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधले नाकावरचे अंतर आणि तिसरा काडीची लांबी. तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये. घरात नीट बसणारा चष्मा असेल तर त्याचे आकडे टिपून ठेवावेत; गॉगल घेताना अंदाज करावा लागत नाही.

नाकाचे हाड वरच्या बाजूला बसके असेल तर अखंड प्लॅस्टिकची फ्रेम घामाने सतत घसरते. घसरलेल्या गॉगलच्या वरून ऊन थेट आत येते. अशांनी मागेपुढे वाकवता येणाऱ्या नाकपट्ट्या असलेली फ्रेम घ्यावी. गाल भरलेले असतील तर हसताना फ्रेमची खालची कड गालाला टेकते आणि गॉगल वर उचलला जातो. त्यांना कमी उंचीची काच किंवा उंच नाकपट्ट्या सोयीच्या. निमुळत्या चेहऱ्यावर मोठाली फ्रेम मिरवायला छान दिसते, पण कानशिलाजवळ बोटभर फट सोडते. रुंद चेहऱ्यावर अरुंद फ्रेम घातली की काड्या बाहेर फाकतात, कानशील दाबले जाते आणि तासाभरात डोके दुखू लागते.

दुकानातच करता येतील अशा चार सोप्या चाचण्या आहेत. गॉगल लावून मनमोकळे हसावे. फ्रेम गालामुळे वर उचलली जाऊ नये. पायऱ्या उतरताना मान खाली घालतो तशी घालून हलकेच हलवावी. गॉगल घसरू नये. पापण्यांची उघडझाप करावी. पापणीचे केस काचेला लागू नयेत. शेवटी सोबतच्याला बाजूला, कानशिलाच्या रेषेत थोड्या अंतरावर मोबाइलची बॅटरी धरायला सांगावी आणि डोळे मिटून घ्यावेत. मिटलेल्या पापणीवर उजेडाचा पट्टा पडलेला सोबतच्याला दिसला तर तिथे फट आहे.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांची अडचण वेगळी. खूप वळवलेल्या काचेत जास्त नंबर बसवला की कडेचे वाकडे दिसू शकते. त्यांच्यासाठी चष्म्यावरून घालायचे, बाजू बंद असलेले मोठे गॉगल मिळतात किंवा कमी वळणाच्या फ्रेममध्ये नंबरच्या रंगीत काचा करून घेता येतात.

काळी काच म्हणजे राखण नव्हे

काचेचा काळेपणा आणि अतिनील किरण अडवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळेपणा फक्त दिसणारा उजेड कमी करतो. पूर्ण पारदर्शक काचही अतिनील किरण जवळपास सगळे अडवू शकते आणि मिट्ट काळी काच त्यातले बरेच आत सोडू शकते. दुसरा प्रकार अधिक वाईट. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, डोळे बारीक करण्याची सवयही सुटते. मग न अडवलेल्या किरणांना दार अधिक उघडे मिळते.

म्हणून लेबलवर ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ असे लिहिलेले पाहावे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार काचेच्या गडदपणाचे ० ते ४ असे पाच वर्ग असतात. वर्ग २ मध्ये १८ ते ४३ टक्के, तर वर्ग ३ मध्ये ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत येतो. आपल्याकडच्या उन्हाला वर्ग ३ पुरेसा आहे. वर्ग ४ अतिशय गडद; तो बर्फाळ शिखरांसाठी असतो आणि तो लावून गाडी चालवू नये. ग्रहण पाहायला मात्र यातला कोणताही गॉगल चालत नाही.

किंमत हा भरवशाचा पुरावा नाही. अतिनील किरण अडवणे हे काही महागडे तंत्र नाही. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लॅस्टिकमध्ये तो गुण अंगचाच असतो. शिवाय ते सहजासहजी फुटून डोळ्यात जात नाही, म्हणून दुचाकीस्वार आणि शेतात काम करणाऱ्यांना ते बरे. महागड्या नावाचे बनावट गॉगल मात्र रस्तोरस्ती मिळतात आणि त्यांच्यावरचे लेबलही बनावट असू शकते. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत काच तपासण्याचे छोटे यंत्र असते. विकत घेतलेला गॉगल तिथे नेऊन तपासून घेता येतो. ढोबळ चाचणी घरीही होते. नोटा तपासण्याची अतिनील बॅटरी पाचशेच्या नोटेवर धरली की नोटेचे काही भाग चमकतात. बॅटरी आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरल्यावर ती चमक नाहीशी झाली, तर काच किरण अडवते आहे. ही बॅटरी कुणाच्याही डोळ्यांवर मारू नये.

काचेचा सपाटपणाही पाहावा. गॉगल हातभर दूर धरून त्यातून दाराची उभी चौकट पाहावी आणि गॉगल सावकाश डावीकडे-उजवीकडे सरकवावा. चौकट लाटेसारखी वाकडी दिसली तर काच खराब आहे. असा गॉगल फार वेळ लावला की डोके दुखते.

लेण्यात शिरताना

गॉगल कधी काढायचा, हेही ठाऊक हवे. गिरिजात्मजाचे मंदिर सातव्या लेण्यात आहे. आत खांब नसलेला प्रशस्त मंडप आणि भोवती भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्या. बाहेरच्या झगझगीत उन्हातून आत पाऊल टाकले की काही क्षण काहीच दिसत नाही. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. अशा वेळी डोळ्यांवर गॉगल तसाच राहिला तर उंबरठा किंवा पायरी चुकते. ज्येष्ठांनी दाराशीच गॉगल काढून क्षणभर थांबावे. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा सोयीच्या असल्या, तरी काळ्या होण्यापेक्षा पुन्हा पांढऱ्या व्हायला त्यांना जास्त वेळ लागतो. गाडीतही त्या फारशा काळ्या होत नाहीत, कारण त्यांना काळे करणारे अतिनील किरण गाडीच्या पुढच्या काचेतच अडतात.

‘पोलराइज्ड’ काच पाण्यावरून आणि रस्त्यावरून येणारी तिरपी तिरीप कापते. येडगाव किंवा माणिकडोह धरणाच्या काठी, किंवा पुणे–नाशिक रस्त्यावर दुपारी गाडी चालवताना तिचा फायदा होतो. पण पोलराइज्ड म्हणजे अतिनील संरक्षण नव्हे. ते लेबल वेगळे पाहावे. या काचेतून मोबाइलचा पडदा काही कोनांत काळा दिसतो. रंगांत राखाडी काच मूळ रंग फारसे बदलत नाही, तपकिरी काच उठाव वाढवते. रात्री गाडी चालवताना पिवळा गॉगल लावण्याची टूम आहे; त्याने उजेड आणखी कमी होतो, दुसरे काही नाही.

लेण्याद्रीला गॉगल लावणाऱ्यांनी त्याला गळ्यात अडकवायची दोरी बांधलेली बरी. तिथल्या माकडांना हातातली पिशवी आणि डोळ्यांवरचा गॉगल यांत फारसा फरक वाटत नाही.

गरज कुणाला जास्त

पायथ्याशी गॉगल घेणाऱ्या यात्रेकरूचे ऊन दिवसभराचे. त्याच रस्त्याच्या कडेला टोमॅटो तोडणाऱ्या, द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या, कांदा काढणाऱ्या माणसांचे ऊन आयुष्यभराचे. डोळ्यांचे नुकसान साठत जाते, त्यामुळे गॉगलची खरी गरज त्यांना आहे. आणि नेमका त्यांच्याच डोळ्यांवर तो नसतो. गॉगल म्हणजे ऐट, असा समज गावोगाव पक्का आहे. बांधावर गॉगल लावून उभ्या राहिलेल्या माणसाला ‘पाहुणे कुठले?’ असे विचारले जाईल. बाईच्या डोळ्यांवर तो दिसला तर चर्चा आणखी लांबेल.

जुन्या पोशाखातल्या काही गोष्टी हे काम थोडेफार करत. कपाळावर पुढे ओढलेला पदर भुवईचा छज्जा लांबवतो. फेट्याने किंवा उपरण्याने झाकलेले कानशील बाजूचे ऊन अडवते. गांधी टोपीला मात्र कड नाही; ती डोके झाकते, डोळ्यांवर सावली धरत नाही. सगळीकडून रुंद कड असलेली टोपी डोळ्यांवर येणारे अतिनील किरण निम्म्याच्या आसपास कमी करते. टोपी आणि गॉगल मिळून होणारी राखण दोन्हींपैकी एकट्यापेक्षा कितीतरी चांगली. हेल्मेटची काच खाली असेल तर दुचाकीस्वारालाही तिचा असाच उपयोग होतो.

या भागाला मोतीबिंदूची ओळख चांगली आहे. नारायणगावच्या डॉ. मनोहर डोळे यांना नेत्रसेवेसाठी २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आदिवासी आणि गरीब रुग्णांपर्यंत पोहोचून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया घडवणाऱ्या या डॉक्टरांचे आडनावही डोळेच. अशा शस्त्रक्रियांनंतर गावी परतणारे आजी-आजोबा चटकन ओळखू येतात, ते डोळ्यांवरच्या काळ्या चष्म्यामुळे. अनेकांच्या आयुष्यातला तो पहिला गॉगल असतो. मोठ्या काचा, दोन्ही बाजूंना बंद झापडा, भुवईपासून गालापर्यंत सारे झाकलेले. तो चेहऱ्याला शोभतो का, असे कुणी विचारत नाही आणि तरीही तो निमूटपणे वापरला जातो, कारण डॉक्टरांनी सांगितलेले असते.

शस्त्रक्रियेत बसवलेल्या बहुतेक कृत्रिम भिंगांमध्ये अतिनील किरण अडवण्याची सोय असते. म्हणजे मूळ भिंग शाबूत असताना, तिशी-चाळिशीत, शेतात राबताना जे संरक्षण हवे होते, ते भिंग गढूळ होऊन काढून टाकल्यावर मिळते. हा क्रम उलटायचा असेल तर गॉगल कामाच्या वस्तूंत यावा लागेल. विळा, हातमोजे, फवारणीचा पंप यांच्या रांगेत. तिथे तो टिकायचा असेल तर तो शोभलाही पाहिजे, कारण तरण्याताठ्या पोराला शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा लावून बागेत जायला कुणी राजी करू शकणार नाही. वळणदार, बाजू झाकणारे, पॉलिकार्बोनेटचे, हलके आणि बरे दिसणारे गॉगल आज माफक किमतीत मिळतात. घेताना आरशात समोरून पाहून झाले की मान वळवून कानशिलाजवळची फटही पाहावी. डोळ्याच्या कोपऱ्यात मांस वाढताना दिसले, उजेड पसरलेला किंवा अंधूक दिसू लागला, तर मात्र गॉगलवर विसंबून न राहता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.